व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज : पैठण परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

एम.बी.ए. व तत्सम अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची चर्चा बहुधा प्रवेशपरीक्षेच्या तयारीभोवती फिरते. अर्ज हा तिचा किरकोळ, कारकुनी भाग समजला जातो. ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र परीक्षेत मिळविलेले स्थान अर्जाच्या टप्प्यावर गमावले जाण्याचे प्रसंग वारंवार घडतात. प्रवेशाच्या अर्जात दोन भिन्न स्वरूपाची कामे असतात : एक पुराव्याचे, दुसरे निवेदनाचे. या दोन्ही कामांत पैठण परिसरातील विद्यार्थी नेमके कोठे अडतात आणि तेथे काय करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवेश अर्ज, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता, निवेदन, शिफारसपत्र.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील एम.बी.ए. आणि एम.एम.एस. अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत परीक्षा घेतली जाते व त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबविली जाते. २०१५ च्या अधिनियमाने या व्यवस्थेला आजचे कायदेशीर स्वरूप दिले. १९६५ मध्ये स्थापन झालेली मुंबईची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट असो, १९८३ मध्ये सुरू झालेली सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था असो, की छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग असो, सर्वांचा मार्ग याच प्रक्रियेतून जातो. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. अर्जातील चुकीची वजाबाकी मात्र पूर्ण होते, आणि ती अनेकदा प्रवेश झाल्यानंतर कळते.

प्रस्तुत लेखिका वाणिज्य विषयाचे अध्यापन करते. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना अर्ज भरण्यास साहाय्य करणे हे तिचे नेमून दिलेले काम नाही. तरीही एका प्रसंगामुळे ते अंगावर आले. काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावातील विद्यार्थिनीला प्रवेशपरीक्षेत चांगले शततमक मिळाले. तिने अर्ज बाजारातील एका नेट कॅफेत भरून घेतला. भ्रमणध्वनी क्रमांक दुकानचालकाचा, ई-मेलही त्यानेच तयार केलेला. इतर मागासवर्गाचा दावा केलेला होता, परंतु जोडलेल्या नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली होती. छाननीत त्रुटी निघाली व दुरुस्तीसाठी अर्ज परत आला. तसा संदेशही गेला, पण दुकानचालकाच्या भ्रमणध्वनीवर. आणि तो चार दिवस लग्नासाठी परगावी होता. मुदत टळली. गुणवत्ता यादीत तिचे नाव खुल्या प्रवर्गात लागले. हव्या त्या महाविद्यालयाची आशा संपली, म्हणून घराजवळच्या एका महाविद्यालयात तिने संस्था स्तरावर प्रवेश घेतला. तसा प्रवेश घेतल्याने शिक्षण शुल्काची सवलतही गेली. पहिला हप्ता भरण्यासाठी घरची म्हैस विकावी लागली, हे तिने पुढे कधीतरी सहज सांगितले.

या प्रसंगात मुलीचा अभ्यास कमी पडला नाही आणि दुकानचालकाचा हेतूही वाईट नव्हता. अर्ज म्हणजे काय, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगण्याची अपेक्षा ज्यांच्याकडून होती त्या अध्यापकवर्गात प्रस्तुत लेखिकाही होती.

अर्जाची दोन कामे

व्यवस्थापन संस्थांचे अर्ज वरवर पाहता सारखे दिसतात. त्यांतील रकान्यांकडे नीट पाहिले असता दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील रकाना हा एक दावा असतो आणि प्रत्येक दाव्यामागे एक कागद उभा असावा लागतो. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, अधिवास, गुण हे सारे त्यात येते. येथे शैलीला वाव नाही. दुसऱ्या वर्गात अर्जदार स्वतःविषयी काही सांगतो : कामाचा अनुभव, ध्येय, केलेले उपक्रम, आयुष्यातील एखादा प्रसंग. येथे कागदाचा आधार थोडा आणि सांगण्याचे महत्त्व अधिक.

राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेचा अर्ज जवळजवळ संपूर्णपणे पहिल्या वर्गातला आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या सामाईक परीक्षेचा, म्हणजे कॅटचा, अर्जही बव्हंशी तसाच. मात्र पुढे मुलाखतीच्या टप्प्यावर अनेक संस्था स्वतंत्र माहिती व लेखी निवेदन मागतात. हैदराबादेत २००१ मध्ये सुरू झालेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्था आणि परदेशातील विद्यापीठे निबंधांना व शिफारसपत्रांना मोठे महत्त्व देतात. आपले विद्यार्थी दोन्ही वर्गांची गल्लत करतात. पुराव्याच्या रकान्यात ते अंदाजाने लिहितात आणि निवेदनाच्या रकान्यात कोणाचे तरी छापील वाक्य उतरवितात. व्हावयास हवे ते नेमके उलट.

पुराव्याचा अर्ज : कागद आधी, रकाना नंतर

अर्ज सुरू करण्यापूर्वीची पहिली गोष्ट अगदी साधी आहे. भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल अर्जदाराचे स्वतःचे असावेत आणि परवलीचा शब्द त्याच्या वहीत लिहिलेला असावा. नेट कॅफेत बसून अर्ज भरण्यात काहीच गैर नाही. आपल्याकडे अनेक घरांत संगणक नाही आणि छाननीयंत्र तर नाहीच. परंतु संदेश येण्याचे ठिकाण दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे घराची किल्ली वाटसरूला देण्यासारखे आहे. ज्यांचे अर्ज याआधीच असे भरले गेले असतील त्यांनी प्रवेशप्रक्रियेच्या काळात संदेशांची वाट पाहू नये; रोज एकदा स्वतः खात्यात प्रवेश करून स्थिती पाहावी.

नाव हा दुसरा अडसर. शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, आधारपत्रावर ते शेवटी असते, आणि जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव कधी ‘राव’ लावून तर कधी त्याविना असते. क्रमातील फरक सहसा अडवीत नाही, अक्षरांतील फरक अडवितो. रोमन लिपीतील एखादे जादा अक्षर, आईच्या नावातील फरक, विवाहानंतर बदललेले आडनाव या बाबी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच तपासून दुरुस्त करून घ्याव्यात. विवाहित विद्यार्थिनींना राजपत्रातील नोंद अथवा विवाह प्रमाणपत्र ऐन वेळी मिळविताना जो त्रास होतो, तो पाहिलेल्या कोणालाही हा आग्रह अनाठायी वाटणार नाही.

पैठण तालुक्याचे म्हणून एक वेगळे गुंतागुंतीचे प्रकरण आहे. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली व १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. ज्यांची गावे नाथसागराच्या पाण्याखाली गेली त्या कुटुंबांच्या जुन्या दाखल्यांवर मूळ गावाचे नाव आणि आजच्या आधारपत्रावर पुनर्वसित गावाचे नाव असते. आजोबांच्या शाळेचे निर्गम उतारे शोधताना या दोन नावांचा मेळ घालणारा एखादा कागद आधी हाती असला, तर पुढचा बराच वेळ वाचतो. जिल्ह्याच्या नावाविषयीही विद्यार्थी विचारतात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. तेवढ्यामुळे पूर्वीच्या नावाने दिलेले प्रमाणपत्र रद्द होत नाही. त्यासाठी नवे प्रमाणपत्र काढण्याच्या खटपटीत पडू नये.

यानंतर प्रवर्गाचा रकाना. येथे सर्वाधिक नुकसान होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे.

जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिले उपविभागीय अधिकारी देतात. दुसरे २००० च्या अधिनियमानुसार पडताळणी समिती देते. तिसरे उत्पन्नाशी संबंधित असून विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना ते लागते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींना लागत नाही. ‘दाखला आहे’ असे विद्यार्थी सांगतो तेव्हा यांपैकी कोणता आहे, हे प्रत्येक वेळी प्रत्यक्ष पाहावे लागते, असा अनुभव आहे.

वैधता प्रमाणपत्रासाठी पूर्वजांच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा ठरावीक दिनांकापूर्वीचा असावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. मराठवाड्यात यातील अडचण ऐतिहासिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि महसुलाच्या जुन्या नोंदी उर्दूत आहेत, काही कागद मोडीत आहेत. ते शोधणे, वाचून घेणे, अनुवादित करून घेणे हे दोन-तीन आठवड्यांचे काम नव्हे. घरात वडील, काका वा सख्ख्या भावंडांपैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत हा सर्वांत बळकट आधार ठरतो. पण घरातील पहिलाच अर्जदार असेल तर त्याने पदवीच्या पहिल्या वा दुसऱ्या वर्षातच समितीकडे अर्ज करावा. प्रवेशाच्या वेळी अर्ज केल्याची पावती काही काळ चालते. मूळ प्रमाणपत्र सादर करण्याची अंतिम मुदत मात्र त्या वर्षीच्या सूचनेत दिलेली असते, आणि ती टळल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो. शासन कधीकधी मुदतवाढ देते. तिच्या भरवशावर राहणे म्हणजे पावसाच्या भरवशावर पेरणी करणे. ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, म्हणून ते शहाणपणाचे ठरत नाही.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राच्या तळाशी ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. त्यापुढील वर्षाचा आकडा वाचण्याचे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रवेशप्रक्रिया उन्हाळ्यानंतर चालते; तेव्हा ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षाच्या अखेरच्या मार्चपर्यंत वैध असणारे प्रमाणपत्र हवे. म्हणून एप्रिल उजाडताच नवे प्रमाणपत्र काढण्यास लागावे. त्याआधी, फाल्गुनात, पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते आणि स्थानिक प्रशासनाचा बराचसा वेळ तिच्या व्यवस्थेत जातो. वर्षअखेरीची कामेही त्याच सुमारास असतात. उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याचा अहवाल यांसारखे आधीचे कागद यात्रेपूर्वी हाती असावेत, हे इथल्या विद्यार्थ्याला कोणत्याही माहितीपुस्तिकेत वाचावयास मिळणार नाही.

उत्पन्नाच्या मोजणीविषयी मोठा गैरसमज आहे. इतर मागासवर्गाच्या नॉन-क्रीमी लेयरसाठी आठ लाख रुपयांची वार्षिक मर्यादा २०१७ पासून आहे, परंतु ती मोजताना पालकांचे वेतन व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. नोकरीच्या बाबतीत पदाचा दर्जा पाहिला जातो. वडील प्राथमिक शिक्षक आहेत एवढ्यावरून ‘आम्हाला मिळणार नाही’ असे ठरवून बसलेली कुटुंबे आढळतात. याउलट, २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणात मर्यादा आठ लाखांचीच असली तरी वेतन, शेती, व्यवसाय असे सर्व उत्पन्न धरले जाते. मर्यादेचा आकडा एकच, पण मोजपट्टी वेगळी.

राज्याच्या व केंद्राच्या अर्जांतील फरक हा याच रकान्यातील आणखी एक फसवा भाग. भारतीय व्यवस्थापन संस्था केंद्राच्या सूचीप्रमाणे चालतात. यात २०१५ पासूनची नागपूरची संस्था येते आणि २०२३ मध्ये जुन्या निटीतून झालेली मुंबईची संस्थाही येते. भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे रकाने तेथे नाहीत. संबंधित जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय सूचीत असेल तरच त्या प्रवर्गाचा दावा करता येतो, आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातील लागते. राज्यात २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गात आलेला मराठा समाजाचा विद्यार्थी केंद्राच्या अर्जात तो प्रवर्ग लिहू शकत नाही. निकष पूर्ण होत असल्यास तो तेथे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दावा करू शकतो. मात्र त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र हवे आणि केंद्राच्या निकषात पाच एकर शेतजमिनीची अटही आहे. कॅटच्या अर्जात एकदा नोंदविलेला प्रवर्ग नंतर बदलता येत नाही. तो अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात भरला जातो, म्हणजे आपले विद्यार्थी या विषयाचा विचार करू लागण्याच्या कितीतरी आधी.

उमेदवारीच्या प्रकाराविषयी थोडक्यात. राज्याच्या अर्जात अ पासून पुढे काही प्रकार आहेत : कोणाचे शिक्षण राज्यात झाले, कोणाचे पालक अधिवासी आहेत, कोणाचे पालक केंद्र वा राज्य शासनाच्या सेवेत आहेत, यावर ते ठरतात. आपले बहुतेक विद्यार्थी पहिल्या प्रकारात बसतात. वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठीही एक स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे, हे अनेक अध्यापकांनाही ठाऊक नसते.

गुणांच्या रकान्यात श्रेणीगुणांकाचे टक्क्यांत रूपांतर करताना इंटरनेटवर सापडलेले कोणतेही सूत्र वापरू नये. पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे सूत्र हेच ग्राह्य असते. ते गुणपत्रकाच्या मागील बाजूस छापलेले नसेल तर विद्यापीठाकडून तसे पत्र घ्यावे. विद्यापीठाचे सूत्रच नसेल तर कॅटसाठी मिळालेला गुणांक कमाल गुणांकाने भागून शंभराने गुणण्याची पद्धत आहे. राज्यात पात्रतेसाठी पदवीला किमान ५० टक्के, तर राज्यातील मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के गुण लागतात. या रेषेच्या जवळ असणाऱ्यांना दशांशातील चूकही महागात पडते.

अर्ज दाखल झाला की काम संपले, असे मानू नये. छाननीनंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, तिच्यावर हरकत घेण्यास काही दिवस मिळतात, मग अंतिम यादी लागते. तात्पुरत्या यादीत आपला प्रवर्ग, उमेदवारीचा प्रकार आणि शततमक पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीला ती यादी पाहिली असती तर निदान हरकत घेता आली असती. तिने अंतिम यादीच पाहिली.

पसंतीक्रमाविषयी

पसंतीक्रमाचा अर्ज प्रवेशअर्जाहून वेगळा असतो, आणि तोही बहुधा दुकानचालकच भरतो. ‘मिळेल ते वर टाकू’ हा त्याचा सल्ला असतो. तो घातक आहे. वाटप गुणवत्तेनुसार होते. वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालच्या महाविद्यालयातील संधी कमी होत नाही. उलट पहिल्या क्रमांकावर लिहिलेले महाविद्यालय मिळाले तर ती जागा आपोआप निश्चित होते व पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून ज्याची खरोखर इच्छा आहे तेच पहिल्या क्रमांकावर असावे.

दुसरी गोष्ट शुल्काची. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशास मिळतो. २०२४ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. तीही व्यवस्थापन कोट्यातून वा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशास लागू नाही. ‘थेट प्रवेश, त्रास नाही’ अशा जाहिराती एस.टी. स्थानकाबाहेर लागतात तेव्हा त्रास कोणाचा वाचतो, हे पालकांना हिशेब मांडून दाखवावे लागते.

निवेदनाचा अर्ज

येथवरचे सारे शिस्तीने साधणारे आहे. निवेदनाची अडचण निराळी. ग्रामीण विद्यार्थी या रकान्यात गप्प बसतो. त्याला लिहिता येत नाही असे नाही. आपल्याजवळ लिहिण्यासारखे काही नाही असे त्याला वाटते. त्याच्या कल्पनेतील व्यवस्थापन म्हणजे काचेच्या इमारती, सूट-बूट, सादरीकरणे. घरातील गोठा, किराणा दुकान, माग किंवा वडिलांची मोसंबीची बाग यांचा त्या शब्दाशी संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. मग कोणीतरी दिलेला मजकूर उतरविला जातो. पूर्वी तो वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून येई, मग शिकवणी वर्गाकडून येऊ लागला, आता संगणकच तो क्षणात लिहून देतो. तिन्हींची चव एकच.

एका विणकर कुटुंबातील विद्यार्थिनीचे उदाहरण येथे देते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत व मजकूर संक्षेपाने पुन्हा लिहिला आहे.) तिच्या निवेदनाचा पहिला खर्डा असा होता : ‘मी मेहनती, प्रामाणिक व आत्मविश्वासू आहे. मला नेतृत्वाची आवड आहे. जागतिक स्तरावरील उद्योगात काम करून देशाच्या प्रगतीला हातभार लावावा, हे माझे ध्येय आहे.’ यात व्याकरणाची चूक नाही. परंतु हा मजकूर कोणाचाही असू शकतो, आणि म्हणून तो वाचणाऱ्याच्या दृष्टीने कोणाचाच नाही.

तिला काही प्रश्न विचारले. घरात माग किती? रेशीम कोण आणतो? एका साडीला किती दिवस लागतात? मजुरी केव्हा मिळते? ती सहज सांगत गेली आणि तिच्याकडे एक वही असल्याचे बोलता बोलता निघाले. आठवड्याने तिने आणलेला खर्डा असा :

‘आमच्या घरी दोन माग आहेत. रेशीम आणि जरतार व्यापारी देतो. आम्ही मजुरीवर विणतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी एक वही घातली. कोणती साडी मागावर किती दिवस राहिली आणि तिची मजुरी किती दिवसांनी हाती आली, हे तीत लिहीत गेले. सहा महिन्यांनी असे दिसले की भरगच्च पदराच्या साडीची मजुरी अधिक असली तरी दिवसाच्या हिशेबाने ती साध्या पदराच्या साडीपेक्षा कमी पडते. पुढची मागणी घेताना आईने हा हिशेब व्यापाऱ्यापुढे ठेवला. त्याने दर थोडा वाढविला, पण पैसे देण्याची मुदतही वाढविली. हे दुसरे मला आधी सुचले नव्हते.’

या खर्ड्यात ‘नेतृत्व’, ‘विश्लेषण’, ‘वाटाघाटी’ यांपैकी एकही शब्द नाही. तिन्ही गोष्टी मात्र आहेत. शेवटचे वाक्य तिने खोडले होते. अपयश लिहिले तर प्रवेश कसा मिळेल, अशी तिची शंका होती. ते वाक्य ठेवण्याचा आग्रह धरावा लागला. दर वाढला तरी हाती येणारा पैसा लांबला, हे जिला स्वतःच्या घरात उमगले आहे, तिला खेळत्या भांडवलाचे प्रकरण शिकविताना प्राध्यापकाला फारसे कष्ट पडणार नाहीत. आणि अर्ज वाचणारी व्यक्ती बहुधा असाच एखादा प्राध्यापक असते.

या उदाहरणावरून एक पद्धत हाती येते, ती अशी. निवेदन प्रथम मराठीत लिहावे. इंग्रजीत विचार करू लागताच आपला विद्यार्थी माहीत असलेल्या शब्दांपुरतेच बोलतो आणि अनुभव बाहेर राहतो. मराठीत लिहून झाल्यावर लहान, साध्या वाक्यांत इंग्रजी करावे. भारदस्त शब्द शोधू नयेत. आकडे स्वतःचे व खरे असावेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि तेव्हा वही दाखविता आली पाहिजे असे नव्हे, पण तिच्यातील नोंदी तोंडपाठ असाव्यात. गरिबीचे वर्णन मात्र आवरते घ्यावे. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण अनेकांची परिस्थिती खरोखरच बिकट असते. परंतु परिस्थिती किती कठीण होती यापेक्षा त्या परिस्थितीत अर्जदाराने काय पाहिले व काय केले, हे वाचकाला जाणून घ्यावयाचे असते. ‘वडील शेतकरी असल्याने अनेक अडचणी आल्या’ एवढ्या वाक्यात अर्जदार कोठेच नसतो.

शिक्षणात खंड असल्यास तो लपवू नये. एक वर्ष घरच्या शेतीसाठी थांबावे लागले, तर तसे एका वाक्यात लिहावे व त्या वर्षात काय सांभाळले ते दुसऱ्या वाक्यात. कामाच्या अनुभवाच्या रकान्यात अधिक सावधगिरी हवी. अनेक संस्था पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभवच धरतात व तो महिन्यांत मोजतात. शिकत असताना सायंकाळी दुकानात केलेले काम त्या रकान्यात टाकल्यास ते खोटे ठरू शकते. तेच काम निवेदनात लिहिले तर मोलाचे ठरते. पैठणच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्यांनी नियुक्तिपत्र, वेतनपावत्या आणि सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांना हे कागद काम सुरू असतानाच मागावे लागतात. नंतर ते मिळणे दुरापास्त होते.

‘आमचीच संस्था का?’ या प्रश्नाला मानांकनाचा क्रमांक हे उत्तर होत नाही. तो क्रमांक त्या संस्थेला ठाऊक असतोच. तेथील एखादा अभ्यासविषय, एखादे प्रकल्पकार्य, ग्रामीण वा कृषी व्यवस्थापनाचा एखादा घटक आपल्या अनुभवाशी कोठे जुळतो, हे दोन वाक्यांत सांगता आले तर पुरे. ते सांगता येत नसेल तर त्या संस्थेचे अर्जशुल्क वाचविणे बरे. प्रत्येक खासगी परीक्षेचे व संस्थेचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि त्यांची बेरीज एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीपर्यंत सहज जाते.

शिफारसपत्र

शेवटी अध्यापकांच्या वाट्याचे काम. विद्यार्थी शिफारसपत्र स्वतः लिहून आणतो व आपण त्यावर सही करतो, हा प्रघात सर्वत्र आहे. प्रस्तुत लेखिकेनेही अशा सह्या केल्या आहेत. एकदा एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी एकाच संस्थेसाठी आणलेली पत्रे नावाखेरीज शब्दशः सारखी निघाली. सही करून झाल्यावर ते लक्षात आले. आता बहुतेक संस्था अध्यापकाच्या महाविद्यालयीन ई-मेलवर थेट दुवा पाठवितात व विद्यार्थ्याने पत्र पाहू नये अशी अपेक्षा ठेवतात. ज्या महाविद्यालयांत अध्यापकांना संस्थेच्या नावाचा ई-मेलच नाही, तेथील विद्यार्थ्याचे पत्र संशयास्पद ठरण्याचा धोका असतो. ही व्यवस्था प्राचार्यांच्या पातळीवर एका दिवसात होऊ शकते.

पत्र लिहिण्यास सांगताना विद्यार्थ्याने किमान तीन आठवड्यांचा अवधी द्यावा आणि सोबत एक पान आणावे : कोणता विषय आपल्याकडे शिकलो, कोणता प्रकल्प केला, वर्गात कोणत्या प्रसंगी आपले मत वेगळे होते, कोठे चुकलो व पुढे काय सुधारले. अध्यापकाला साठ-सत्तर विद्यार्थ्यांतील एकाचे तपशील आठवत नाहीत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. त्या विणकर कुटुंबातील विद्यार्थिनीने आणलेल्या पानावर शेवटी एक ओळ होती : दुसऱ्या वर्षी परिव्यय लेखांकनाच्या तासाला मॅडमनी ‘घरच्या कोणत्याही एका वस्तूचा खर्च काढून आणा’ असे सांगितले होते, वहीची सुरुवात तेथून झाली. तो गृहपाठ दिल्याचे लेखिकेच्या स्मरणातही नव्हते. पत्राची सुरुवात त्याच गृहपाठाने केली.